येवल्याच्या बाजारातली घोडीही नाचते, मग ड्रेसाजच्या घोड्याला आठ वर्षं का लागतात?

मोबाईलवर एक रील येतं. काळा कोट, पांढरी पँट घातलेला स्वार, चकचकीत घोडा. घोडा पुढे सरकतच नाही, एकाच जागी तालात पाय उचलतोय. स्वार मात्र दगडासारखा स्थिर. खालच्या कमेंट ठरलेल्या असतात. "हे तर आमच्या सारंगखेड्यात रोज बघायला मिळतं." "आमच्या काकाच्या वरातीत घोडी यापेक्षा भारी नाचली होती."

कमेंट करणाऱ्यांचं अगदीच चुकत नाही. नाशिक जिल्ह्यात येवल्याला दसऱ्याच्या सुमारास घोडेबाजार भरतो. तिथून पुढे नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून मोठी यात्रा भरते आणि देशभरातून घोडे येतात. नाचणारे घोडे आपल्याला नवे नाहीत. मग त्या रीलमधल्या घोड्यात वेगळं काय आहे? आणि तो तयार व्हायला आठ-आठ वर्षं का लागतात?

याचं उत्तर फक्त खेळाच्या चाहत्यांसाठी नाही. बाजारातून दीड-दोन वर्षांचं शिंगरू घेऊन "दिवाळीपर्यंत बसायला लागू" म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायला हवं. कारण त्या घाईची किंमत घोडा भरतो, आणि बऱ्याचदा बसणाराही.

आधी ड्रेसाज आणि जंपिंग म्हणजे काय?

ड्रेसाज हा फ्रेंच शब्द. अर्थ साधा आहे, शिकवणं किंवा तयार करणं. २० मीटर रुंद आणि ६० मीटर लांब मैदान असतं. कडेला ठरावीक अक्षरं लावलेली असतात. कुठल्या अक्षरापाशी काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं: इथे थांबा, इथून दुडकी चाल, इथे तिरकं चला, इथे गोल घ्या. प्रत्येक कृतीला पंच ० ते १० मध्ये गुण देतात आणि शेवटी टक्केवारी निघते. दहावीच्या निकालासारखंच.

जंपिंगचा हिशोब उलटा असतो. तिथे गुण मिळत नाहीत, दोष लागतात. अडथळ्याचा दांडा पडला की ४ दोष. घोडा अडथळ्यासमोर अडला की ४ दोष. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दुसऱ्यांदा अडला की थेट बाद. कमी दोष आणि कमी वेळ, तो जिंकला.

भारतात ड्रेसाज हा शब्द घरोघरी पोहोचला तो २६ सप्टेंबर २०२३ ला. चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी सुवर्ण मिळालं होतं. संघात इंदूरची सुदीप्ती हाजेला, जयपूरची दिव्याकृती सिंग, कोलकात्याचा अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. एकूण गुण २०९.२०५. त्यात हृदयचे आणि त्याच्या एमराल्ड या घोड्याचे ६९.९४१. दोन दिवसांनी अनुषने वैयक्तिक कांस्यही आणलं. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज खेळणारा तो पहिला भारतीय ठरला.

या यशामागची एक गोष्ट मात्र कमी बोलली गेली. हे स्वार वर्षानुवर्षं युरोपात राहून शिकले, आणि त्यांचे घोडेही तिकडचेच होते. म्हणजे स्वार आपले, पण घोडा तयार करण्याची विद्या अजून बाहेरची. ती विद्या नेमकी काय आहे, तेच आता बघू.

घोड्याची पाठ बसण्यासाठी बनलेली नाही

मोकळा उभा असलेला घोडा आपल्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर टाकतो. पुढे लांब मान आणि जड डोकं असतं, त्यामुळे हे साहजिक आहे. त्यात आपण बसतो तेही पुढच्या पायांच्या जवळच. म्हणजे आधीच पुढे झुकलेल्या गाड्यावर आणखी एक पोतं टाकल्यासारखं होतं.

पाठीचा कणा हा पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये टाकलेल्या पुलासारखा असतो. स्नायू तयार नसताना वर वजन आलं की हा पूल खाली वाकतो. घोडा पाठ पोकळ करतो, मान वर ताणतो, पावलं आखूड टाकतो. लोकांना वाटतं घोडा रुबाबात चाललाय. खरं तर तो दुखण्यापासून पळत असतो.

ड्रेसाजचं सगळं शिक्षण या एका अडचणीवरचा उपाय आहे. घोड्याने मागचे पाय पोटाखाली घ्यावेत, भार हळूहळू मागे घ्यावा आणि पाठ उचलावी. रीलमध्ये जागेवर होणारी ती दुडकी, जिला पियाफ म्हणतात, ती या प्रवासातल्या शेवटच्या पायऱ्यांपैकी एक आहे.

दात आणि हाडं कॅलेंडर सांगतात

बाजारात जाणकार माणूस घोड्याचं तोंड उघडून दात बघतो. वय कळावं म्हणून. पण दात आणखीही एक गोष्ट सांगतात.

घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडतात आणि पक्के दात येतात. पाचव्या वर्षी तोंड भरतं. म्हणजे ज्या वयात आपण तोंडात लोखंडी लगाम घालतो, नेमक्या त्याच वयात हिरड्या दुखत असतात. तीन वर्षांचा घोडा डोकं झटकतो तेव्हा तो "मस्तीत" असेलच असं नाही. आधी पशुवैद्याकडून दात तपासून घेणं हा पहिला धडा.

हाडांचंही तसंच. लांब हाडांच्या टोकाशी वाढीच्या पट्ट्या असतात. त्या कठीण झाल्या की वाढ पूर्ण होते. खुरांजवळच्या पट्ट्या पहिल्या वर्षाच्या आसपास बंद होतात. गुडघ्याच्या वरची साधारण दोन ते अडीच वर्षांत. मणक्यांच्या मात्र सगळ्यात शेवटी, पाच वर्षांच्या आसपास किंवा त्याहीनंतर. दोन वर्षांचा घोडा उंचीने पूर्ण दिसतो, पण ज्या पाठीवर आपण बसणार ती अजून कच्ची असते.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय महासंघाने वयाच्या अटी घातल्या आहेत. तरुण घोड्यांच्या जागतिक स्पर्धा ५, ६ आणि ७ वर्षांच्या वेगवेगळ्या गटांत होतात. ड्रेसाजच्या सर्वोच्च ग्रांप्री पातळीसाठी घोडा किमान ८ वर्षांचा लागतो. ऑलिम्पिकच्या जंपिंगसाठी किमान ९.

मग आठ वर्षं करतात काय?

पहिली दोन वर्षं शाळा नसते, फक्त संस्कार असतात. शिंगराला कळपात मोकळं पळू द्यायचं, कारण पळण्यानेच हाडं मजबूत होतात. तोंडावर मोरकी घालून सोबत चालायला, पाय उचलून द्यायला, खरारा करून घ्यायला शिकवायचं. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येऊन खूर तासतो. त्याला लाथ न मारता उभं राहणं हाही अभ्यासक्रमच.

तिसऱ्या वर्षी खोगीर येतं. आधी नुसतं पाठीवर ठेवायचं, मग पट्टा बांधायचा, मग लांब दोरीवर गोल फिरवायचं. त्यानंतर माणूस पोटावर आडवा पडतो, आणि घोडा शांत राहिला तरच बसतो. काम वीस-पंचवीस मिनिटांचं, तेही आठवड्यातून तीन-चार दिवस. बहुतेक सरळ रेषेत, कारण छोट्या गोलात सांध्यांवर ताण येतो. अनेक जण यानंतर घोड्याला काही महिने पुन्हा मोकळं सोडतात.

चौथ्या वर्षी तीन चाली पक्क्या होतात: साधी चाल, दुडकी आणि कँटर. २० मीटरचे मोठे गोल, मैदानाबाहेरच्या फेऱ्या, चढ-उतार. पाचव्या वर्षी पहिल्या स्पर्धा. या वयात पंच करामती बघत नाहीत. तीन चालींना तीन गुण, घोडा किती मनाने ऐकतो याला एक, आणि पुढे तो कितपत जाऊ शकेल याला एक. सहाव्या वर्षी कँटरमध्ये धावता धावता पुढचा पाय बदलणं येतं. त्यानंतर हळूहळू पियाफसारखी अवघड कामं.

या सगळ्यामागे जर्मन घोडदळाच्या शिस्तीतून आलेली सहा पायऱ्यांची शिडी आहे: लय, सैलपणा, हाताशी हलका संपर्क, जोम, सरळपणा आणि शेवटी शरीर एकवटणं. क्रम महत्त्वाचा आहे. लय नसलेल्या घोड्याकडून एकवटणं मागितलं तर तो एकवटत नाही, आखडतो.

घोडा शिकतो कसा? दाब आणि सुटका

अनेकांचा समज असा की टाच मारली की घोड्याला "पुढे जा" हे कळतं. तसं नसतं. टाच हा फक्त दाब आहे, घोड्याला नको असलेला. घोडा वेगवेगळ्या गोष्टी करून बघतो. पुढे पाऊल टाकल्याबरोबर दाब थांबला, तर त्याला कळतं की उत्तर हेच होतं. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणातून शिकतो.

चांगला प्रशिक्षक आणि वाईट प्रशिक्षक यांच्यातलं सगळं अंतर या सुटकेच्या वेळेत आहे. घोडा थांबला तरी लगाम ओढलेलाच राहिला, तर घोड्याला कळतं की थांबूनही उपयोग नाही. मग तो लगामाविरुद्ध ओढायला लागतो. मालक म्हणतो, "तोंडाचा कडक आहे, कडक लगाम आणा." इथून दुष्टचक्र सुरू होतं. काटेरी लगामावर तर आपल्याकडे १९६५ च्या नियमांनीच बंदी घातली आहे.

मराठीत घोडा तयार करणाऱ्याला जुना शब्द आहे, चाबुकस्वार. आज तो आपल्याला आडनाव म्हणून जास्त माहीत आहे. नावात चाबूक आहे खरा, पण मारत सुटलेल्या हाताखाली घोडा घाबरतो, शिकत नाही. चाबूक खुणेपुरता आणि दाब वेळेवर सोडणारा हात, ही त्या कामाची खरी लायकी.

जंपिंगची सुरुवात उडीने होत नाही

उड्या मारणारा घोडा तयार करायचा तर पहिलं काम आहे जमिनीवर दांडे ठेवणं. दुडकीसाठी दोन दांड्यांमध्ये साधारण १.२ ते १.४ मीटर अंतर. घोडा त्यावरून चालतो, पावलं मोजतो, पाय उचलतो, खाली बघतो. मग एक दांडा थोडा वर. मग दोन दांडे क्रॉसमध्ये. ही झाली पहिली "उडी".

नंतर गणित येतं. कँटरची एक झेप साधारण साडेतीन मीटर. उडीनंतर घोडा दांड्यापासून सुमारे १.८ मीटरवर उतरतो आणि पुढच्या उडीसाठी तेवढ्याच अंतरावरून उठतो. म्हणजे दोन अडथळ्यांत एक झेप हवी असेल तर अंतर साधारण सात मीटर. हे चुकलं की घोडा एक तर दांड्यात घुसतो किंवा फार लांबून उडतो. तरुण घोड्याचं एकदा असं झालं की विश्वास जातो. तो परत आणायला महिने लागतात.

आणखी एक अडचण नजरेची. घोड्याचे डोळे बाजूला असतात. अगदी कपाळासमोर आणि नाकाखाली त्याला दिसत नाही. म्हणजे उडीच्या शेवटच्या क्षणी तो जवळजवळ आठवणीवर उडत असतो. लाल आणि हिरव्यातला फरकही त्याला नीट कळत नाही. म्हणून अडथळ्याकडे सरळ, स्थिर वेगाने नेणं ही स्वाराची जबाबदारी. उतरताना सगळा भार एका क्षणासाठी पुढच्या पायांवर येतो. म्हणून शहाणे प्रशिक्षक उड्या मोजून मारायला लावतात. आठवड्यातले बहुतेक दिवस जंपिंगचा घोडाही ड्रेसाजच करत असतो.

मग वरातीतली घोडी आणि पियाफ यात फरक काय?

पुन्हा ते रील लावा आणि घोड्याचा मागचा भाग बघा. पियाफमध्ये पुठ्ठा थोडा खाली बसतो, मागचे सांधे वाकतात, पाठ वर येते, पाय तिरक्या जोडीने तालात पडतात. लगामात ताण नसतो. शेपूट शांत असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वाराने सांगितलं की घोडा त्याच क्षणी पुढे निघू शकतो.

घाईने नाच शिकवलेल्या घोड्यात उलटं दिसतं. डोकं वर, पाठ खाली, पुढचे पाय उंच फेकलेले, मागचे पाय लांब मागे राहिलेले. तोंडाला फेस, डोळ्यांत पांढरं, शेपूट सतत झटकतेय. हा घोडा ताकद वापरत नाही, सुटायचा रस्ता शोधतो.

आपल्याकडचे सगळेच घोडे असे तयार होतात असं मुळीच नाही. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांना वर्षानुवर्षं प्रेमाने सांभाळून शिकवणारी घराणी आहेत, आणि त्यांची घोडी सैल लगामावर, कान टवकारून नाचताना दिसते. आणि परदेशात सगळं सोन्याचं आहे असंही नाही. २०२४ मध्ये ब्रिटनची ऑलिम्पिक विजेती शार्लट ड्यूजार्डिन हिचा शिकवताना घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारतानाचा व्हिडिओ समोर आला. ती पॅरिस ऑलिम्पिकमधून बाहेर पडली आणि तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. म्हणजे प्रश्न देशी-विदेशीचा नाही. प्रश्न घाईचा आहे.

आपल्याकडे घोडे तयार होऊ शकतील का?

पाया आहे. मुंबईचा अॅमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून चालू आहे. खडकवासल्याच्या एनडीएत घोडेस्वारी शिकवली जाते. नाशिकमध्ये १९३७ साली सुरू झालेल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये मुलं घोड्यावर बसतात, आणि महाराष्ट्र पोलीस अकादमीत फौजदार होणाऱ्यांनाही घोडेस्वारी येते.

अडचणीही खऱ्या आहेत. देशातल्या बहुतेक रायडिंग क्लबांत शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. शर्यतीचा घोडा दोन-तीन वर्षांच्या वयात पळायला लागतो. लगामावर भार टाकून पुढे झेपावायचं, हे तो शिकलेला असतो. त्याला आधी ते विसरायला लावावं लागतं आणि मग लयीपासून सुरुवात करावी लागते. होतं, पण वेळ जातो.

दुसरी अडचण जमिनीची. नाशिकच्या बहुतेक भागातली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी कडक होते आणि पावसात निसरडी. तरुण घोड्याच्या सांध्यांना दोन्ही वाईट. खाली निचऱ्यासाठी मुरूम आणि वर वाळूचा समान थर असलेलं मैदान हा खर्चिक भाग असला, तरी तो शोभेसाठी नसतो.

तिसरी अडचण आजारांची. घोड्यांच्या काही संसर्गजन्य आजारांमुळे भारतातून घोडा थेट परदेशी स्पर्धेला नेणं फार अवघड होतं. भारतीय स्वार युरोपातच घोडे ठेवतात त्याचं हे एक मोठं कारण. २०२५ मध्ये मेरठ छावणीतल्या लष्कराच्या केंद्राला जागतिक संघटनेने घोड्यांच्या ठरावीक आजारांपासून मुक्त अशी मान्यता दिली. त्यामुळे इथे तयार झालेला घोडा बाहेर जाण्याची वाट उघडली आहे. आता वाट आहे, तर त्यावर चालणारा घोडाही तयार व्हायला हवा.

बाजारातून शिंगरू घेणार असाल तर

दात आणि खूर पशुवैद्याला दाखवा, फक्त दलालाला नको. तीन वर्षांच्या आत पाठीवर बसू नका, कितीही उंच दिसलं तरी. तिसऱ्या वर्षी अर्ध्या तासापेक्षा कमी काम द्या. घोडा आज ऐकत नाही असं वाटलं तर आधी खोगीर, दात, पाठ आणि पाय तपासा, स्वभावाला दोष नंतर द्या.

आणि स्वतः नवखे असाल तर नवखा घोडा घेऊ नका. नव्या स्वाराला म्हातारा, शिकलेला घोडा हवा आणि नव्या घोड्याला अनुभवी स्वार. दोघंही नवे असले की पडणारा एक असतो आणि बिघडणारा दुसरा.

हांगझोऊत एमराल्डला त्याची फेरी संपवायला काही मिनिटं लागली. त्यामागची वर्षं मात्र कुठल्याच रीलमध्ये दिसत नाहीत. त्यातली पहिली तीन तर कुणी पाठीवरही बसायची नसतात. पुढच्या वेळी येवल्याच्या बाजारात एखादं देखणं शिंगरू दिसलं आणि विकणारा म्हणाला, "घ्या की, उद्यापासून बसा", तर त्याचे दात बघा, आणि थांबा.